टाळ्या नेमक्या कशाला? रॅप, कविता, कॉमेडी आणि अपंग कलाकार

सांजवारा

नमस्कार मंडळी,

हा धागा काढू की नको, असं महिनाभर चाललं होतं. शेवटी काढतेच.

आम्ही काही जण मिळून वर्षातून दोन-तीनदा एक संध्याकाळ करतो. आधी कविता, मग रॅप, शेवटी स्टँडअप. प्रत्येकाला सात मिनिटं. या वेळी एक नवी रॅपर होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर घेऊन चालते, बोलताना शब्द जरा लांबतात, जोडाक्षरांशी झटापट होते. निवेदन माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "सगळ्या अडचणींवर मात करून आज आपल्यासमोर येत आहे..." ती माइकपाशी पोचली आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग तिनं रॅप केला. विषय काय, तर तिनं बांधलेली चाल ढापून स्वतःच्या नावावर खपवणारा एक मित्र. असा धुतलाय त्याला! तिसऱ्या कडव्यात ओळ येते: "चाल माझी चोरलीस? घे. आता तशी चालून दाखव." हे म्हणताना तिनं वॉकर एकदा जमिनीवर आपटला, बरोबर समेवर.

कुणी हसलं नाही. समोरच्या रांगेत दोघीतिघी डोळे पुसत होत्या.

नंतर विंगेत ती म्हणाली, "ताई, मी स्टेजपर्यंत पोचले त्याच्या टाळ्या मिळाल्या. चालीवर कुणी हसलंच नाही." मला तेव्हा काही सुचलं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की लोकांना रडायला मीच बसवलं होतं, त्या एका वाक्यानं.

तर प्रश्न असा: अशा कलाकाराची ओळख कशी करून द्यावी? ऐकावं कसं? टाळी कधी, कशाला? तुमच्यापैकी कुणी स्टेजवर असतं का? कुणाला ऐकता? मोकळेपणानं लिहा.

---

नादखुळा

"आता तशी चालून दाखव" वाचून मी इथे एकटाच खो खो हसलो. तिला कळवा, एक हशा महिनाभर उशिरानं पोचला.

---

चाकोरीबाहेर

मी व्हीलचेअरवर असतो आणि प्रेमकविता लिहितो. एवढं एक वाक्य सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याच्यावरच खरं तर एक कविता होईल.

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. आमच्या बाबतीत अंगण खरंच वाकडं असतं हो! हॉलच्या दाराला रॅम्प असतो, आयोजक तो अभिमानानं दाखवतात. स्टेजला मात्र चार पायऱ्या. म्हणजे आम्ही प्रेक्षक म्हणून येणार हे गृहीत धरलेलं असतं, कलाकार म्हणून येऊ असं कुणाच्या डोक्यातच नसतं. मग चार जण खुर्चीसकट उचलतात. लग्नातल्या रुखवतासारखं वर नेऊन ठेवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. अशा वेळी मी पहिली ओळ म्हणतो ती तिच्या मानेवरच्या तिळाबद्दल असते. सांगा, कुठल्या तोंडानं म्हणू? मला उचलताना एकाचा हात खांद्याखाली तसाच राहिलेला असतो.

ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग यांचं २०१४ सालचं टेड भाषण शोधून ऐका. त्या कॉमेडियन होत्या, व्हीलचेअर वापरायच्या. पंधरा वर्षांच्या असताना कुणीतरी त्यांचं नाव कर्तबगारीच्या पुरस्कारासाठी सुचवायला घरी आलं. आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिनं अजून काही केलेलंच नाही! असल्या कौतुकाला त्यांनी 'इन्स्पिरेशन पॉर्न' हे नाव लोकप्रिय केलं. पायऱ्यांकडे बघून कितीही हसलं तरी त्यांचा रॅम्प होत नाही, असं त्या म्हणायच्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. ३२ वर्षांच्या होत्या.

---

अण्णा_वाचक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. लोक उभे राहिले ते चांगल्या भावनेनं. आजकाल कोण कुणासाठी उभं राहतं? ती मुलगी तिथपर्यंत पोचली त्यामागे किती कष्ट असतील. त्या कष्टांना टाळी दिली तर बिघडलं कुठे? कलाकारानं प्रेम नाकारू नये.

---

दुपारचं_ऊन

अण्णा, राग अजिबात नाही. पण मी तुम्हाला स्टेजवरून काय ऐकू येतं ते सांगतो. (मी पूर्ण अंध आहे, हौशी स्टँडअप करतो, आठेक वर्षं झाली.)

हशाचे प्रकार असतात. पोटातून आलेला हशा एकदम फुटतो, खुर्च्या करकरतात, कुणीतरी टेबलावर थाप मारतं. दयेचा हशा उशिरा येतो, सगळ्यांचा एकाच उंचीचा येतो आणि एकदम थांबतो. दुसऱ्या प्रकारचा आला की मला समजतं, आज विनोद पोचत नाहीये, मी पोचतोय. डोळ्यांनी बघणाऱ्या कॉमेडियनला चेहरे दिसतात. मला खोली ऐकावी लागते. उभं राहून वाजवलेल्या टाळ्या त्या खोलीवर गोधडी टाकतात. मग पुढची दोन मिनिटं ती गोधडी काढण्यात जातात, आणि सातातली दोन मिनिटं म्हणजे फार झाली.

म्हणून मी पहिल्याच वाक्यात परवानगी देऊन टाकतो. "मंडळी, मला तुम्ही दिसत नाही. त्यामुळे तुम्ही सगळे फार सुंदर दिसताय." एवढ्यावर हसले की काम झालं.

एक व्यवहारातली गोष्ट. वेळ संपत आली की मागून कलाकाराला दिवा दाखवतात. पहिल्या शोला मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, दिवा बिचारा लुकलुकत राहिला आणि मी सातच्या जागी बारा मिनिटं बोललो. आता मी खिशातल्या फोनवर टायमर लावतो, सहाव्या मिनिटाला तो मांडीवर थरथरतो. आयोजकांनी आधी विचारलं तर मात्र बरं वाटतं.

आपल्या देशात निधी गोयल यांना जरूर ऐका. अंध आहेत, स्टँडअप करतात, अपंग स्त्रियांच्या हक्कांचं मोठं काम आहे त्यांचं. प्रेम, लग्न, शरीर या विषयांवर बिनधास्त बोलतात. लोकांना तिथेच ठसका लागतो, कारण अंध बाईला प्रियकर असू शकतो हेच त्यांनी कधी डोक्यात आणलेलं नसतं.

---

पानगळ

"मी पोचतोय, विनोद पोचत नाहीये." वाचनखूण साठवली.

---

नादखुळा

आता जरा सविस्तर लिहितो, कारण रॅपबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

अमेरिकेत 'क्रिप-हॉप नेशन' नावाची चळवळ आहे. लिरॉय मूर हे कवी-कार्यकर्ते तिचे संस्थापक. ते कृष्णवर्णीय आहेत, त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. २००७ च्या सुमाराला अपंग रॅपर आणि संगीतकारांना एकत्र आणायला त्यांनी सुरुवात केली. नाव बघा. इंग्रजीत 'क्रिपल' ही शिवी. ती त्यांनी उचलली, पण 'सी' काढून 'के' लावला, कारण त्याच उच्चाराची एक गुंडांची टोळी तिथे प्रसिद्ध आहे आणि गोंधळ नको होता. म्हणजे अक्षर बदलून शब्द आपला करून टाकला. हिपहॉपमध्ये हे नेहमीचंच आहे, जगानं जे नाव चिकटवलं ते उलटं करून छातीवर लावायचं. मला तर वाटतं अपंग माणसाला रॅपइतका जवळचा प्रकार दुसरा नाही. आवाज गोड लागत नाही, सूर लागत नाही, काही हरकत नाही. तुझं म्हणणं काय आहे आणि तू तालात कुठे बसवतोस एवढंच बघतात.

त्याच्याही आधीचं उदाहरण इयान ड्युरी. इंग्लंडचा गायक, सात वर्षांचा असताना पोलिओ झाला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं आणि त्यातला उपकाराचा सूर ड्युरीला सहन झाला नाही. त्यानं 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' नावाचं संतापलेलं गाणं काढलं. बीबीसीने त्याच्या प्रसारणावर बंधनं घातली, शब्द अपमानकारक आहे म्हणून. कुणाचा अपमान? जो गातोय त्याचाच तर शब्द! पुढे २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात ग्रेआय या अपंग कलावंतांच्या नाट्यसंस्थेनं तेच गाणं साऱ्या जगासमोर वाजवलं. एकतीस वर्षं लागली.

---

शब्दवेल्हाळ

नादखुळा, उत्तम प्रतिसाद. पण धाग्याच्या शीर्षकात 'अपंग' का? सरकारी शब्द आता 'दिव्यांग' आहे ना? तो जास्त सन्मानाचा वाटतो.

---

चाकोरीबाहेर

मला नाही वाटत. माझ्या पायात दिव्य काही नाही, पोलिओ आहे. 'दिव्यांग' म्हटलं की मी एकदम देवघरात जाऊन बसतो, आणि देवानं तिळावर कविता केलेली कुणाला चालत नाही.

---

मोगरीची_आई

माझ्या मुलीला 'दिव्यांग' आवडतो, 'अपंग' ऐकलं की ती गप्प होते. ज्याचं त्याला विचारावं, इतकं सोपं आहे.

---

शब्दवेल्हाळ

मान्य. विचारणं राहूनच जातं खरं.

---

खर्ज

मी साउंड करतो. सांजवारा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदापेक्षा मला एक वेगळीच शंका आली. तिची चालीवरची ओळ लोकांना *ऐकू* आली होती का?

खरं सांगतो, असल्या कार्यक्रमात बीट फार मोठा ठेवतात. नेहमीचा रॅपर व्यंजनं टोकदार मारतो, म्हणून तो बीटमधून निघून जातो. जिची व्यंजनं मऊ पडतात तिला बीट गिळून टाकतो. व्यंजनांची धार साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तोच पट्टा बीटमध्ये थोडा खाली घ्यायचा आणि तिच्या आवाजात थोडा वर. मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, तिच्याकडे नीट वळवायचा. माइक स्टँडवर, कारण हात वॉकरवर आहेत. डोकं हलत असेल तर कानावरून गालाशी येणारा हेडसेट माइक द्यायचा, म्हणजे मान वळली तरी आवाज तुटत नाही. आणि तिला साउंडचेकला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ द्यायचा. हे उपकार नव्हेत हो, ढोलकीवाल्यालाही आपण जास्त वेळ देतोच की.

बोलणं समजत नाही याचं खापर पहिल्यांदा माझ्यासारख्याच्या माथी फोडा, मग तिच्या जिभेवर.

मागे पडद्यावर ओळी दाखवल्या तर आणखी उत्तम. फक्त ओळ तोंडातून येण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका. विनोद मरतो.

---

सांजवारा

खर्ज, मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तुमचं बरोबर आहे. 'चोरलीस' गेलाय, 'घे' तेवढा ऐकू येतो. मागच्या रांगांना बहुतेक काहीच कळलं नसणार. म्हणजे लोक कशासाठी डोळे पुसत होते?

---

निळी_खिडकी

माझा भाऊ जन्मापासून बहिरा आहे आणि खुणांच्या भाषेत कविता करतो. लोकांना वाटतं मी लिहिलेली कविता तो हातांनी दाखवतो. तसं नाही. त्याची कविता हातातच जन्माला येते.

यमक कसं जुळतं ते सांगते. आपल्याकडे शेवटचा आवाज सारखा, तिकडे हाताचा आकार सारखा. समजा पसरलेल्या पंज्यानं पान झालं, तोच पंजा तसाच ठेवून पाऊस झाला, मग तोच पंजा छातीवर येऊन थांबला. बोटांचा आकार शेवटपर्यंत एकच. हे यमक. अमेरिकेत क्लेटन व्हॅली या बहिऱ्या कवी-अभ्यासकानं या काव्यशास्त्राचा रीतसर अभ्यास केला. भावानं पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा रात्रभर जागून मला एकेक खूण करून दाखवत होता, "बघ, मी करतो त्याला नाव आहे!"

रॅपमध्येही बहिरे कलाकार आहेत. फिनलंडचा साइनमार्क खुणांच्या भाषेत रॅप करतो. अमेरिकेत शॉन फोर्ब्स आणि वावा स्नाइप. हे दोघं २०२२ च्या सुपर बोलच्या (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) मध्यंतरात साऱ्या रॅपरांबरोबर मैदानावर होते. पण टीव्हीच्या मुख्य प्रक्षेपणात ते नीट दिसलेच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं प्रक्षेपण शोधून लावावं लागत होतं. ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच शोधत बसायला लावलं! आमच्या घरात त्या दिवशी फार चिडचिड झाली.

आणि एक. भाऊ स्टेजवर असतो तेव्हा दुभाष्याला आदल्या दिवशी ओळी पाठवून चालत नाही. निदान दोन आठवडे लागतात. त्याच्या हाताचं मराठी आवाजात आणायचं म्हणजे कवितेचं भाषांतरच आहे ते. बहुतेक ठिकाणी दुभाष्याला चहाच्या वेळी कागद देतात.

---

पानगळ

बहिऱ्या कवींवरून आठवलं. रेमंड अँट्रोबस या ब्रिटिश कवीची गोष्ट माझी आवडती आहे. टेड ह्यूज या थोर कवीनं बहिऱ्या मुलांच्या शाळेवर एक कविता लिहिली होती, मुलांना प्राण्यांच्या उपमा देणारी. अँट्रोबसनं आपल्या पहिल्या संग्रहात ती अख्खी कविता घेतली आणि प्रत्येक ओळीवर काळी पट्टी मारली. फक्त काळं पान. आणि २०१९ मध्ये त्याच संग्रहाला टेड ह्यूज यांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला!

---

नादखुळा

काय सांगता! अंगावर काटा आला.

---

रिकामा_रिक्षावाला

बी-बॉयिंगवाले कुणी नाही का? 'इल-अ‍ॅबिलिटीज' बघा. २००७ मध्ये लुका 'लेझीलेग्ज' पॅटुएली यांनी सुरू केलेला ब्रेकडान्सचा चमू, जगभरातले अपंग नर्तक. कुबड्यांवर आडवे काय होतात, एका हातावर काय गोठतात. त्यांचं घोषवाक्यच आहे, 'नो एक्स्क्यूजेस, नो लिमिट्स'. याला म्हणतात जिद्द. जेव्हा केव्हा मला कंटाळा येतो तेव्हा यांचे व्हिडिओ लावतो.

---

चाकोरीबाहेर

नाच जबरदस्त, वादच नाही. पण त्या घोषवाक्याशी माझं भांडण आहे. 'सबब नाही, मर्यादा नाही' हे नर्तकानं स्वतःला म्हणणं वेगळं आणि तुम्ही व्हिडिओ मला पाठवून "बघ, हा बघ!" म्हणणं वेगळं. मला मर्यादा आहेत. संध्याकाळी सातनंतर माझे खांदे संपतात. ती सबब नव्हे, ते वेळापत्रक आहे.

कंटाळा आला की त्यांना लावता, त्यापेक्षा नाच बघायचा असेल तेव्हा लावून बघा ना एकदा.

---

रिकामा_रिक्षावाला

दादा, लागलं. पण खरं आहे. आज पुन्हा लावला आणि पाय सोडून फक्त हात बघत बसलो. कुबडीचं टोक तालावर टेकतं, ते आधी दिसलंच नव्हतं.

---

दुपारचं_ऊन

बिल शॅननही शोधा मग. त्यांना लहानपणी खुब्याच्या सांध्याचा आजार झाला. त्यांनी कुबड्यांवर स्वतःचं नृत्यतंत्र घडवलं. मी ते 'बघितलं' ते मित्रानं एकेक हालचाल सांगितली म्हणून. मित्र दमला. शॅनन दमले नसावेत.

---

अडखळ

पहिल्यांदाच लिहितेय. मी अडखळत बोलते. टाइप करताना अडखळत नाही, म्हणून इथे बरं वाटतं.

मला एक वेगळंच विचारायचंय. सात मिनिटं सगळ्यांना सारखी, हे बरोबर आहे का? माझी कविता वाचायला दुसऱ्याला चार मिनिटं लागतात, मला कधी चार, कधी नऊ. घड्याळ दिसलं की नऊ नक्की. तालात म्हटलं की अडखळणं खूप कमी होतं, गाताना तर जवळजवळ नाहीच. म्हणून काही जण सांगतात, तू रॅपच कर. पण मला कविता वाचायची आहे. अडखळणं लपेल अशीच कला मी का निवडायची?

स्कॅटमन जॉन माहीत असेल कुणाला. जाझ पियानोवादक, आयुष्यभर अडखळत बोलले, आणि पन्नाशी उलटल्यावर १९९४ मध्ये त्या अडखळण्यावरच गाणं रचून जगभर पोचले. मला ते गाणं आवडतं. पण त्यापेक्षा मला ती पन्नाशी आठवते. तोवर ते पियानोच्या मागे होते.

---

खर्ज

अडखळ, फार बरं केलंत लिहिलंत. वेळेचं मी असं करतो: मिनिटं मोजायची नाहीत, ओळी मोजायच्या. चाळीस ओळी ज्याला जेवढ्या वेळात म्हणायच्या तेवढ्यात. आयोजक कुरकुरतात, पण रात्र फार लांबत नाही.

---

मोगरीची_आई

यावरून ली रिडली आठवले, स्टेजवरचं नाव 'लॉस्ट व्हॉइस गाय'. बोलू शकत नाहीत, टॅबलेटमध्ये विनोद टाइप केलेले, बटण दाबलं की यंत्राचा आवाज बोलतो. २०१८ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकले. त्यांचं सगळं कसब बोटात आहे. हशा विरत असताना नेमक्या कुठल्या क्षणाला पुढचं बटण दाबायचं. मुलगी आणि मी ते बोटच बघत बसतो. तिनं एकदा स्वतःच्या यंत्रावर आजोबांना विनोद सांगितला, आणि ऐन शेवटच्या ओळीआधी मुद्दाम थांबली. आजोबा ताटकळले. ती इतकी खूश झाली की बस.

---

शब्दवेल्हाळ

एक शंका. मग अपंगत्वावर विनोद कुणी करायचा? फक्त ज्यांना ते आहे त्यांनी? बाकीच्यांनी केला की खटला?

---

पानगळ

यावर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना चांगला फरक केला आहे. एक विनोद अपंग माणसाला हिणवतो, दुसरा अपंगत्वाकडे नव्यानं बघायला लावतो. दोन्हींना एका मापानं मोजू नका. कोण बोलतोय यापेक्षा विनोद कुणाला खाली पाडतो ते बघायचं.

---

दुपारचं_ऊन

माझी कसोटी सोपी. तो विनोद मी पहिल्या रांगेत बसलोय हे माहीत असताना करशील का? आणि केल्यावर मी हसेन असं तुला खरंच वाटतं का? दोन्ही 'हो' असतील तर कर बाबा, मला नवा विनोद हवाच आहे. नाहीतर सगळे "काळा चष्मा" पर्यंतच येऊन थांबतात, वीस वर्षं तोच एक चष्मा.

---

अण्णा_वाचक

चार दिवस धागा वाचतोय. माझ्या पहिल्या प्रतिसादावर विचार केला.

मी शिक्षक होतो. वर्गात एक मुलगा पायानं अधू होता. स्नेहसंमेलनात तो पेटी वाजवायचा आणि मी दरवर्षी त्याला "आपला लढवय्या" म्हणून पुढे आणायचो. टाळ्या भरपूर. चाळीस वर्षांनी आज आठवायचा प्रयत्न केला, तो काय वाजवायचा? आठवत नाही. त्याचं चालत येणं आठवतं, टाळ्या आठवतात, राग एकही आठवत नाही. संगीत मला समजत नाही असंही नाही.

एवढंच लिहायचं होतं.

---

चाकोरीबाहेर

अण्णा, तो मुलगा सापडला तर विचारा. त्याला नक्की आठवत असेल.

---

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, तुमचं वाचून मी बराच वेळ स्क्रीनसमोर नुसती बसले.

मूळ प्रश्नाकडे येते. कालच तिच्याशी बोलले. पुढच्या वेळी येते म्हणाली. तिला धागा वाचून दाखवला, नादखुळांच्या उशिरा पोचलेल्या हशाला ती खूप हसली. अटी घातल्या आहेत, तशाच देते:

साउंडचेक सगळ्यात आधी आणि खर्ज असतील तर उत्तम. क्रम मधला नको, शेवटचा हवा. ती माइकपाशी जाईपर्यंत बीट सुरू ठेवायचा, म्हणजे तिचं चालणं तालात येईल आणि टाळ्यांना मध्ये जागाच मिळणार नाही. (हे मला सुचलं नसतं!) निवेदनात फक्त नाव. मी म्हटलं, अगं एखादं तरी वाक्य? तर म्हणाली, "बरं. सांगा की हिची चाल चोरीला गेली होती, ती परत आणायला आली आहे."

चाकोरीबाहेर, स्टेजला या वेळी लाकडी रॅम्प करून घेतोय. मापं तुम्ही द्याल का?

---

चाकोरीबाहेर

उतार एकास बारा धरा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. अडीच फुटी स्टेज असेल तर तीस फूट लागेल, मधे सपाट टप्पा ठेवा. खुर्ची वळायला वर पाच फूट मोकळे. कडेला दोन इंची पट्टी, चाक घसरू नये म्हणून. आणि कवितांमध्ये माझं नाव लिहा.

---

अडखळ

माझंही. चाळीस ओळी.